चेहरा सगळ्यात शेवटी

मिरजेला बाबांच्या फोटो स्टुडिओत दारामागच्या खुंटीवर एक काळा कोट कायम टांगलेला असायचा. मापाने जरा मोठाच. स्थळाला पाठवायचा फोटो असो, रिटायर होणाऱ्या मास्तरांचा असो नाहीतर पंचायत समितीच्या नव्या सभापतींचा, कोट तोच. पाठीवर दोन चिमटे लावले की कोणालाही बसायचा. टायही एकच होता, इलॅस्टिकचा. तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर तो कोट आजही आहे, आतली माणसं तेवढी वेगळी.

अमेरिकेत ओमाहात येऊन अकरा वर्षं झाल्यावर त्या कोटाचा मला असा उपयोग होईल असं काही वाटलं नव्हतं.

मी इथे आठवडाभर दवाखान्याची बिलं करते आणि शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या एका लहानशा संग्रहालयात हौसेने कामाला जाते. गेल्या वर्षी जानेवारीत तिथल्या क्युरेटरबाईंनी माझ्यापुढे एक खोका ठेवला. आत बासष्ट जुने फोटो, जाड-पातळ पुठ्ठ्यांवर चिकटवलेले, आणि झाकणावर निळ्या शाईत ‘इंडियन चीफ्स’, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे प्रमुख. काम साधं वाटलं. माप घ्यायचं, स्कॅन करायचं, संगणकात रकाने भरायचे: फोटोचा प्रकार, फोटोग्राफर, साल, ठिकाण आणि शेवटी ‘व्यक्ती’.

पंचवीसेक फोटोंवर नावच नव्हतं. बाकीच्यांवर कोणीतरी कधीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. मला वाटलं, नाव असलेले पटापट उरकतील. दोन महिन्यांनी कळलं की बिननावाचे परवडले. ते निदान खोटं बोलत नाहीत.

पहिल्याच शनिवारी हाताला लागलेला फोटो ओमाहातलाच निघाला. लाकोटा जमातीचे चार पुरुष ओळीने बसलेले, सोबत एक गोरा उभा. पाठीमागे पेन्सिलीने ‘सिटिंग बुल, रेड क्लाउड आणि इतर’. सिटिंग बुल वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसले. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीचा फडशा उडाला त्या वेळचा तो पुढारी, एवढं मलाही ठाऊक होतं. क्युरेटरबाई मात्र कॉफीचा घोट घेत म्हणाल्या, “साल बघ आधी.”

साल होतं १८७५, फोटोग्राफर फ्रँक करिअर. आदल्या वर्षी कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोनं असल्याची बातमी आणली होती, आणि १८६८ च्या फोर्ट लॅरामीच्या तहाने लाकोटांना दिलेले ते डोंगर आता सरकारला परत हवे होते. म्हणून पुढाऱ्यांना वॉशिंग्टनला बोलावलं होतं आणि त्या प्रवासात ते ओमाहाला थांबले होते. उभा असलेला गोरा म्हणजे ज्युलियस मायर. तो दुभाष्याचं काम करायचा, आणि फार्नम स्ट्रीटवर इंडियन लोकांच्या वस्तूंचं त्याचं दुकान होतं, नाव ‘इंडियन विग्वाम’. त्याच फार्नम स्ट्रीटवरून मी रोज कामाला जाते.

आता अडचण अशी की कस्टरवाला सिटिंग बुल, म्हणजे लाकोटांच्या हुंकपापा शाखेचा तातांका इयोताके, १८७५ मध्ये वॉशिंग्टनला जाणाऱ्यांत नव्हताच. सरकारी एजन्सीच्या, म्हणजे या लोकांवर देखरेख ठेवणाऱ्या ठाण्याच्या, तो वाऱ्यालाही उभा राहत नसे. त्याचा पहिला माहीत असलेला फोटो १८८१ चा, शरण आल्यानंतरचा, बिस्मार्कच्या ऑर्लँडो गॉफने काढलेला. मग ओमाहात बसलेला हा कोण?

हा दुसरा सिटिंग बुल. ओग्लाला शाखेतला. १८७४ मध्ये रेड क्लाउड एजन्सीत झेंड्याचा खांब उभारण्यावरून रक्तपाताची वेळ आली, तेव्हा मध्ये पडून ज्यांनी तो टाळला त्यांच्यातला एक. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांकडून बंदूक भेट मिळाली. आणि डिसेंबर १८७६ मध्ये टंग नदीवरच्या लष्करी छावणीत तहाची बोलणी करायला जात असताना सैन्याबरोबरच्या क्रो टेहळ्यांनी त्याला मारलं. मोठ्या सिटिंग बुलचा फोटो हवा म्हणून लोकांनी या माणसाचा चेहरा घेतला आणि त्याचं आयुष्य टाकून दिलं. पेन्सिलवाल्याचं नाव एका अर्थी बरोबर होतं, हे त्यातलं सर्वांत वाईट. चुकीचं नाव खोडता येतं. बरोबर नाव चुकीच्या माणसाला पोचत असेल तर काय खोडायचं?

आणि ‘आणि इतर’मध्ये ढकललेले दोघे? एक स्पॉटेड टेल, सिंते ग्लेश्का, सिचांगू शाखेचा सर्वांत वजनदार पुढारी. दुसरा स्विफ्ट बेअर, सिचांगूंच्याच कॉर्न बँड या गटाचा म्होरक्या. हे असं ‘आणि इतर’ मला नंतर चौदा फोटोंवर सापडलं. मी मोजले.

लाकोटा म्हणजे सू लोकांतले पश्चिमेकडचे. त्यांच्या सात शाखा: ओग्लाला, सिचांगू (फ्रेंच व्यापाऱ्यांनी ज्यांना ब्रूले म्हटलं), हुंकपापा, मिनिकोंजू, इताझिप्चो, ओओहेनुंपा आणि सिहासापा. प्रत्येक शाखेत अनेक तियोश्पाये, म्हणजे नात्यागोत्याने बांधलेल्या वस्त्या. आपल्याकडे गावात नवं पोर दिसलं की म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत, “कुणाचा रे तू?” म्हणतात. इथेही नुसत्या नावाने काही कळत नाही. कुठल्या शाखेतला, कुठल्या वस्तीतला, कोणाचा, हे जुळल्याशिवाय नाव म्हणजे नुसता आवाज.

कारण नावं पुन्हा पुन्हा येतात. बाप मुलाला आपलं नाव देतो आणि स्वतः दुसरं घेतो. ओग्लालांचा नामांकित लढवय्या क्रेझी हॉर्स, त्याच्या वडिलांचं नावही आधी क्रेझी हॉर्सच होतं. मुलाला ते दिल्यावर ते वाग्लुला झाले, म्हणजे अळी. अमेरिकन हॉर्स दोन. थोरला सप्टेंबर १८७६ मध्ये स्लिम ब्यूट्सला सैन्याच्या गोळीने मेला. धाकटा १९०८ पर्यंत जगला, भरपूर फोटो काढून घेतले, आणि त्यांतले कितीतरी थोरल्याच्या नावावर खपले. मला हे समजायला वेळ लागला नाही. शाळेत थोरले माधवराव आणि सवाई माधवराव यांच्यात गोंधळ घालून मी मार खाल्लेला आहे.

स्पॉटेड एल्कचं कोडं जास्त दिवस चाललं. खोक्यात वॉशिंग्टनला १८९१ मध्ये गेलेल्या शिष्टमंडळाच्या फोटोची प्रत होती, खाली छापील नावं: हाय हॉक, फायर लाइटनिंग, लिटल वूंड, टू स्ट्राइक, यंग मॅन अफ्रेड ऑफ हिज हॉर्सेस, स्पॉटेड एल्क, बिग रोड. मी चक्रावले. स्पॉटेड एल्क हे तर मिनिकोंजूंच्या बिग फूटचं खरं नाव, आणि तो २९ डिसेंबर १८९० ला वूंडेड नीला सैन्याने केलेल्या कत्तलीत मारला गेला. मग दोनच महिन्यांत वॉशिंग्टनला कसा? साल चुकलं असेल म्हणून मी तीन शनिवार साल तपासण्यात घालवले. साल बरोबर होतं. स्पॉटेड एल्क हा वेगळा माणूस होता, एवढंच. ‘ग्लेश्का’ म्हणजे ठिपक्यांचा. ठिपक्यांची शेपटी एक, तर ठिपक्यांची सांबरं दोन.

बिग फूटचा बर्फात गोठलेल्या प्रेताचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. आमच्याही खोक्यात होता. तो आम्ही नोंदवला आणि वेबसाइटवर न चढवण्याचं ठरवलं. त्यावर फार चर्चा झाली नाही.

भाषांतरांनी वेगळाच घोळ घातलाय. ‘यंग मॅन अफ्रेड ऑफ हिज हॉर्सेस’ या नावावर मी आधी हसले होते: स्वतःच्या घोड्यांना घाबरणारा तरुण! मूळ नाव ताशुंके कोकिपापी. अर्थ असा की याचा घोडा दिसला तरी लोक घाबरतात. अगदी उलट. इतक्या धाकाच्या माणसाला इंग्रजीने भित्रा करून ठेवलं, आणि बापाचंही नाव तेच असल्याने दोघांना. फोर्ट लॅरामीला १८६८ मध्ये अलेक्झांडर गार्डनरने काढलेल्या फोटोत चिलीम ओढताना दिसतो तो थोरला.

जॉन ग्रॅबिलच्या १८९१ च्या फोटोतली दहा नावं मला पाठ झाली आहेत. पाच उभे, पाच बसलेले, मागे टिपी, म्हणजे त्यांचा तंबू. मथळ्यात म्हटलंय की जनरल माइल्सशी मसलत करून इंडियन युद्ध मिटवणारे हे प्रमुख. स्टँडिंग बुल, बेअर हू लुक्स बॅक रनिंग, हॅज द बिग व्हाइट हॉर्स, व्हाइट टेल, लिव्हर बेअर, लिटल थंडर, बुल डॉग, हाय हॉक, लेम, ईगल पाइप. यातला लिव्हर बेअर म्हणजे काय, यकृताचं अस्वल? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत शेजारी कंसात दुरुस्ती आहे: लिव्हिंग बेअर. जिवंत अस्वल. लिहिताना कोणाच्या तरी कानाने किंवा हाताने दगा दिला. बरं, ग्रॅबिलने हक्क नोंदवण्यासाठी आपले १८८ फोटो त्या लायब्ररीकडे पाठवले म्हणून ही दहा नावं फोटोसोबत टिकली तरी. बाकीचे फोटोग्राफर एवढं करायचेच असं नाही.

क्रेझी हॉर्सबद्दल सांगायलाच हवं, कारण एका फोटोवर पेन्सिलीने त्याचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह होतं. ५ सप्टेंबर १८७७ ला फोर्ट रॉबिन्सनमध्ये संगिनीच्या वाराने तो गेला, आणि त्याचा खात्रीचा असा एकही फोटो नाही. पण लोकांना तो बघायचाच असतो. त्यामुळे दर काही वर्षांनी एखादा क्रेझी हॉर्स उगवतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तसंच हे. मेलेल्या माणसाची ओढ इतकी असते की लोक मिळेल त्या चेहऱ्यावर समाधान मानतात. आमच्या फोटोतल्याने १८९० च्या दशकातली पाटलोण घातली होती. मी ते प्रश्नचिन्ह तसंच ठेवून नाव तेवढं खोडलं.

आता खरं काम कसं चालतं ते सांगते. क्युरेटरबाईंचा एक नियम होता: चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पुठ्ठा.

खोक्यातला बिननावाचा सदतीस नंबर माझ्या खास लोभाचा. कॅबिनेट कार्ड, म्हणजे साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा पुठ्ठा. पन्नाशीतला पुरुष खुर्चीवर बसलेला, अंगात केसांच्या झालरीचा कातडी सदरा, वेण्यांना पाणमांजराच्या कातड्याचं वेष्टण, गळ्यात मोठं पदक. फोटोग्राफरचा छाप असलेली खालची पट्टी कोणीतरी फ्रेमात बसवायला कापून टाकलेली. (फ्रेमवाले जगभर सारखेच. आमच्या स्टुडिओचा शिक्का त्यांनी किती वेळा कापला असेल, बाबा वैतागायचे.)

पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनी. जाड, सोनेरी तिरप्या कडेचे, गोल कोपऱ्यांचे पुठ्ठे १८८० नंतर जोरात आले. म्हणजे हा बहुधा त्याआधीचा किंवा त्या सुमाराचा. मग पदक. ही शांतिपदकं राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिली जात. अँड्र्यू जॉन्सन आणि ग्रँटची पदकं गोल. १८७७ मध्ये हेज आले आणि पदक लंबगोल झालं. बाबांचं जुनं भिंग डोळ्याला लावून मी ते पदक अर्धा तास बघितलं. चेहरा पुसट, अक्षरं नाहीतच, पण आकार अंड्यासारखा. म्हणजे १८७७ च्या आधीचा फोटो नाही. पुठ्ठा म्हणतो फार नंतरचा नाही. एवढ्या दोन निर्जीव गोष्टींनी माझ्या माणसाला पाच-सहा वर्षांच्या चिमटीत पकडलं.

रंगांचं गणित आणखी गमतीचं. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या (फोटोसाठी रसायन लावलेल्या) काचेला निळा प्रकाश दिसायचा, लाल दिसायचा नाही. त्यामुळे निळे मणी फोटोत पांढरेफटक येतात आणि लाल कापड काळं. चेहऱ्यावरचा लाल रंग सावलीसारखा किंवा डागासारखा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस आजारी होता. इंटरनेटवर या फोटोंना रंग चढवून टाकणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही; त्यांनी पांढऱ्या मण्यांना पांढरं करून टाकलेलं असतं.

आणि सदरा. केसांच्या झालरीचा सदरा म्हणजे मोठा मान. ओग्लालांत ‘सदरा घालणारे’ असं पदच होतं. १८६८ च्या सुमारास क्रेझी हॉर्स, धाकटा अमेरिकन हॉर्स अशा चौघांना तो मान दिला होता. तेव्हा सदरा बघून मी खूश झाले. माझा माणूस कोणी साधासुधा नव्हे! पण तसाच सदरा, तीच फाटलेली शिवण डाव्या खांद्याजवळ, मला खोक्यातल्या एकोणपन्नास नंबरच्या फोटोत सापडली, दुसऱ्याच माणसाच्या अंगात. खुर्चीही तीच, मागचा रंगवलेला पडदाही तोच.

तिथे मला खुंटीवरचा काळा कोट दिसला. मी संग्रहालयात एकटीच मोठ्याने हसले.

म्हणजे सदऱ्यावरून माणूस नाही, स्टुडिओ कळला. तेही कमी नाही. त्या पडद्याचा आणि खुर्चीच्या झालरीचा माग काढत गेलं की त्याच दिवशीचे इतर फोटो सापडतात आणि त्यांतल्या एखाद्यावर नाव असतं. अनोळखी पुढाऱ्यांचे फोटो आज आहेत ते बरेचसे शिष्टमंडळांमुळेच: वॉशिंग्टनला गेलं की तिथल्या स्टुडिओत सगळ्यांना बसवलं जाई, मग तो रेड क्लाउड असो की त्याच्याबरोबर आलेला, पुन्हा कधी कुठे न दिसलेला माणूस. विल्यम हेन्री जॅक्सनने १८७७ मध्ये अशा हजाराच्या आसपास निगेटिव्हांची वर्णनांसह यादी छापली. ती यादी मी रात्री झोपताना वाचायचे. नवरा म्हणायचा, टेलिफोन डिरेक्टरी वाचतेस का?

नावांची दुसरी खाण म्हणजे शिरगणती. १८८४ च्या कायद्याने प्रत्येक एजंटला दरवर्षी आपल्या हद्दीतल्या माणसांची यादी पाठवणं सक्तीचं झालं, आणि १८८५ ते १९४० च्या त्या याद्या ६९२ मायक्रोफिल्म रिळांवर आहेत. मूळ नाव, इंग्रजी नाव, वय, नातं. वयावर मात्र विसंबायचं नाही. एकच माणूस एका वर्षी पंचेचाळीस, चार वर्षांनी साठ आणि पुढच्या वर्षी पुन्हा सत्तावन्न. कारकून अंदाजाने ठोकायचा.

मला जास्त भावली ती लाकोटांनी स्वतः केलेली गणती. ओग्लालांच्या पाइन रिज एजन्सीत १८८४ मध्ये रेड क्लाउडच्या देखरेखीखाली काढलेली, २८९ माणसांची, अक्षराविना. प्रत्येकाचं डोकं काढायचं आणि त्याच्या वर त्याच्या नावाचं चित्र. त्याच सुमारास बिग रोडने स्टँडिंग रॉक एजन्सीत ८४ कुटुंबप्रमुखांची अशीच यादी काढली होती; त्यात वस्तीच्या म्होरक्यांपुढे नक्षीची चिलीम आणि पिशवी. चित्रलिपीचा अभ्यासक गॅरिक मॅलरी याने दोन्ही छापल्या आहेत. इथे भाषांतराची भानगडच नाही. घोडा म्हणजे घोडा. तरीसुद्धा मी त्यातलं एक अस्वल तीन दिवस डुक्कर समजत होते.

या सगळ्यातून गाळत गाळत सदतीस नंबरच्या माणसासाठी माझ्यापुढे एका सिचांगू प्रमुखाचं नाव आलं. काळ जुळत होता, एजन्सी जुळत होती, आणि मग मी नियम मोडून चेहरा बघितला. त्याच्या दुसऱ्या एका फोटोशी नाक जुळलं, गालाची हाडं जुळली, ओठांची मुरड जुळली. फोनवरच्या चेहरे जुळवणाऱ्या ॲपने याच माणसाला आधी तीन वेगवेगळ्या लाकोटा प्रमुखांशी आणि चौथ्यांदा गेरोनिमोशी, म्हणजे एका अपाचीशी जुळवलं होतं, ते मी सोयीस्करपणे विसरले. संगणकात नाव भरलं. ते नाव इथे लिहीत नाही. एकदा छापलेलं चुकीचं नाव परत बाटलीत भरता येत नाही, आणि मी ते आधीच चार जणांना ईमेलने कळवून बसले होते.

ऑक्टोबरमध्ये क्युरेटरबाईंच्या ओळखीने रोझबडला, सिचांगूंच्या राखीव प्रदेशात, जायचं ठरलं. ओमाहाहून व्हॅलेंटाइनपर्यंत नेब्रास्काच्या सँडहिल्स, गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, माणूस नाही की झाड नाही. तिथून उत्तरेला राज्याची हद्द ओलांडली की मिशन नावाचं छोटं गाव. तिथल्या विद्यापीठाच्या पाटीवर ‘सिंते ग्लेश्का’ वाचलं आणि मला उगाच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. ओमाहाच्या त्या फोटोत ‘आणि इतर’मध्ये बसलेला माणूस!

ज्यांना भेटायचं होतं त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. सगळे त्यांना ‘उन्ची’ म्हणत होते, म्हणजे आजीच. मला सांगितलं होतं त्याप्रमाणे मी तंबाखूची पुडी आणि कॉफी नेली होती. त्यांनी पुडी शेजारी ठेवली आणि मला विचारलं, कुठली, आईवडील काय करत, भावंडं किती. मिरज कुठे आहे हे समजावताना मी कृष्णा नदीपर्यंत पोचले. वीस मिनिटं फोटोंचा विषयच नाही. मग म्हणाल्या, “काढ.”

मी अकरा बाय सतरा इंचांचे प्रिंट टेबलावर पसरले. सदतीस नंबरचा मुद्दाम मोठा करून आणला होता, चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून. आजींनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, टेबलाखाली वाकून बघितलं.

“पाय कुठे आहेत?”

मला कळेना. त्यांनी कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. चेहरा मोठा करायच्या नादात मी फोटो गुडघ्यांवरच छाटला होता. फ्रेमवाल्यांना नावं ठेवणारी मी!

लॅपटॉपवर अख्खा स्कॅन होता, नशीब. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मला पायांवर न्यायला सांगितलं, मोठं करायला, आणखी मोठं. मोकॅसिनवरचं, म्हणजे पायातल्या कातडी जोड्यांवरचं, मणीकाम दिसायला लागलं. त्या शेजारी बसलेल्या भाचीशी लाकोटात काहीतरी बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, “सदरा खांद्यात मोठा आहे. उसना असेल. मोकॅसिन कोण कोणाला उसने देतं?”

बाबा फोटो कंबरेपर्यंतच काढायचे, त्याचं कारण मला इतकी वर्षं कधी सुचलं नव्हतं. कोट स्टुडिओचा, पण खाली पायात ज्याची त्याची चप्पल.

मी जे नाव भरलं होतं ते धीर करून सांगितलं. आजी भाचीकडे बघून हसल्या. त्या नावाचे गृहस्थ त्यांच्याच घरातले, आईच्या बाजूचे. “त्यांची डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. लहानपणी मोठी माणसं आम्हाला त्याची गोष्ट सांगायची.” लॅपटॉपवर सदतीस नंबरचा डावा हात मांडीवर पसरलेला, पाचही बोटं शाबूत. आठ महिने मी तो फोटो बघत होते. बोटं मोजावीत असं मनात आलं नव्हतं.

“मग हा कोण?” मी विचारलं.

“आमचा नाही,” त्या म्हणाल्या. मणीकाम आपल्या घराच्या ओळखीचं वाटत नाही, पाइन रिजकडे एक मावसबहीण आहे तिला दाखव, म्हणाल्या. पदकाबद्दल मी केलेलं गणितही त्यांनी हलक्या हाताने सैल केलं: बापाचं पदक मुलगा घालतो, नातूही घालतो. त्यावरून फोटो कधीच्या आधीचा नाही एवढं कळेल. ग्रॅबिलच्या दहा जणांचा प्रिंट मात्र त्यांनी ठेवून घेतला. त्यातल्या दोघांबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. कोणाची बायको कोण, कोणाचं कोणाशी पटत नसे. ते लिहून घेऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. नाही लिहिलं.

परत येताना व्हॅलेंटाइनला पेट्रोल भरताना चौघांना दुसरी ईमेल पाठवली. तिघांचं उत्तर आलं, चौथ्याने ते नाव अजून काढलेलं नाही.

सदतीस नंबरची नोंद आता अशी आहे: पुरुष, लाकोटा, १८७७ नंतर. सदरा बहुधा स्टुडिओचा, एकोणपन्नास नंबर पाहा. मोकॅसिन स्वतःचे. व्यक्ती: ओळख पटलेली नाही. आधी दिलेलं नाव चुकीचं. पाइन रिजच्या मावशींना प्रिंट पाठवलाय, अजून काही कळलेलं नाही.

आणि नोव्हेंबरच्या चार शनिवारांत बासष्टच्या बासष्ट फोटो मी पुन्हा स्कॅन केले, पुठ्ठ्याच्या चारी कडांसकट, पायांसकट.